कन्सेप्ट सुचत नाही म्हणतोस, आधी बेदाण्याचा डबा कुठल्या फळीवर आहे ते बघ

तुझा प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तू साताऱ्यात मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आहेस, प्रोजेक्टला तासगावकडच्या बेदाण्याचं जाहिरात कॅम्पेन करायचंय. तू तीन कन्सेप्ट घेऊन गेलास, 'निसर्गाची गोड भेट', 'आरोग्याचा खजिना' आणि 'सांगलीची शान, बेदाणा महान', आणि सरांनी तिन्ही परत दिल्या की ह्या नुसत्या ओळी आहेत, ह्यात कन्सेप्ट कुठंय. आता तू विचारतोयस की कन्सेप्ट काढायची काही पद्धत असते का, की क्रिएटिव्ह डोकं जन्मतःच असावं लागतं.

मी गेली 22 वर्षं सांगलीत जाहिरातीचं हेच काम करतोय, त्याआधी काही वर्षं पुण्यात होतो. पद्धत असते. आणि तुला सुचत नाही हेही खरं नाही, तीन ओळी सुचल्याच की. अडचण वेगळी आहे. काय सांगायचं ते ठरायच्या आधीच तू कसं सांगायचं ते शोधायला बसलास. तुझ्या ओळींतला बेदाणा काढ आणि तिथं मध घाल. गूळ घाल, तूप घाल, केशर घाल. ओळ तशीच चालते ना? म्हणजे ती ओळ बेदाण्याबद्दल काहीच सांगत नाही, ती फक्त गोड वाजते. तुझे सर बहुतेक हेच म्हणत होते, त्यांनी ते उलगडून सांगितलं नाही एवढंच.

एक आधी सांगून ठेवतो, मी सांगतोय ते सगळ्यांना जसंच्या तसं लागू होईल असं नाही. ब्रीफमध्ये, म्हणजे काम काय हवंय ते सांगणाऱ्या कागदात, कुणाला विकायचंय ते लिहिलेलं आहे का, नुसता नावलौकिक वाढवायचाय की माल खपवायचाय, तू एकटा आहेस की सोबत चित्र काढणारा कुणी आहे, मार्क कन्सेप्टला आहेत की फायनल पोस्टरच्या फिनिशिंगला, ह्यावर बरंच अवलंबून आहे. फिनिशिंगलाच मार्क असतील तर वेळ तसा वाटून घे. पण शिकायचं असेल तर कन्सेप्टपासूनच शिकावं लागतं, सॉफ्टवेअर काय सहा महिन्यांत येतं.

आधी शब्दांचा घोळ मिटवू, कारण कॉलेजात इनसाइट, प्रपोझिशन, कन्सेप्ट, टॅगलाइन हे सगळे शब्द एकाच तासात फळ्यावर लिहितात आणि पोरं सगळ्याला आयडिया म्हणायला लागतात. सर्फची ललिताजी घे, तुझ्या आईला विचार, तिला ती जाहिरात आठवत असेल. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. निरमा एकदम स्वस्त, बायका धडाधड तिकडं वळत होत्या आणि सर्फ महाग. आता महाग वस्तूच्या जाहिरातीत साधारण काय लिहितात, 'दर्जा', 'विश्वास', 'परंपरा'. लिंटास एजन्सीच्या अलीक पदमसींनी दुसरीकडं बघितलं. त्यांची आई, घरची परिस्थिती चांगली असून बाजारात पैशापैशाची घासाघीस करायची, आणि वस्तू मात्र चांगलीच घ्यायची. ह्यातून जे कळलं ती इनसाइट, की काटकसरी बाई म्हणजे सगळ्यात स्वस्त घेणारी बाई नव्हे. प्रपोझिशन अगदी कोरडं, अर्धा किलो सर्फमध्ये एक किलो स्वस्त पावडरीएवढे कपडे निघतात, म्हणजे शेवटी सर्फच परवडतं. कन्सेप्ट म्हणजे ललिताजी, भाजीवाल्याशी हिशोबात ठाम उभी राहणारी, कुणाला न फसणारी बाई, जी आपल्या बाजूनं हा हिशोब सांगते. आणि टॅगलाइन, म्हणजे जाहिरातीची लक्षात राहणारी ओळ, सगळ्यात शेवटी आली, त्या बाईच्या तोंडून. आता बघ, टॅगलाइन काढून टाकली तरी ललिताजी उरते. तुझ्या तीन कन्सेप्टमधली ओळ काढून टाकली तर मागं काय उरतं? हीच तपासणी आहे.

खरी अडचण शोधणं हा भाग पोरं सगळ्यात पटकन उरकतात आणि सगळं तिथंच हुकतं. आपल्याच भागातलं उदाहरण देतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा नांगर चांगला होता, पण शेतकऱ्यांत समज असा होता की लोखंड लागलं की जमीन नासते. माल तसाच पडून राहिला. आता तू तिथं असतास आणि 'मजबूत, टिकाऊ, दणकट' अशी जाहिरात केली असतीस तर उपयोग झाला असता का? उलट जेवढं लोखंडाचं कौतुक करशील तेवढी भीती वाढणार. अडचण मजबुतीची नव्हतीच, भीतीची होती. 1910 ला किर्लोस्करवाडी, म्हणजे त्यांचा कारखाना आणि त्याच्याभोवतीची वस्ती, उभी राहिली आणि 1920 ला तिथून मासिक निघालं, ते सुरुवातीला कारखान्याची खबर लोकांपर्यंत न्यायला म्हणूनच. माल विकायच्या आधी माणसाशी बोलत राहावं लागतं हे आपल्या भागात शंभर वर्षांपूर्वी कुणाला तरी कळलं होतं, ह्याचा मला अजून अभिमान वाटतो.

आता बेदाण्यावर येऊ. तू नेटवर वाचलं असशील, लोह, फायबर, 2016 चं जीआय मानांकन, म्हणजे हा माल ह्याच भागातला असा सरकारी शिक्का. ते वाच, वाचू नको म्हणत नाही, पण ती माहिती तुझ्या वर्गातल्या प्रत्येकाकडं आहे. मी दोन वर्षांपूर्वी माझ्याकडं शिकायला आलेल्या तीन पोरांना बेदाण्यावरच सराव दिला होता, कुठल्या कंपनीसाठी नाही, नुसता सराव, आणि आम्ही काय केलं ते सांगतो कारण सगळी पद्धत त्यातच आहे.

पहिल्यांदा कवठेमहांकाळ तालुक्यात नागजच्या बाजूला एका शेडवर गेलो. मार्चचा महिना, हिरव्या नेटच्या सावलीत जाळीच्या रॅकवर एकावर एक थर, सगळी द्राक्षं पसरलेली. डिपिंगच्या द्रावणात बुडवून काढलेली द्राक्षं पंधरा-वीस दिवसांत वाळतात, साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. शेडवाल्या दादांनी सांगितलं की ढग दिसले की रात्रभर झोप लागत नाही, पाणी लागलं की माल काळा पडतो आणि काळा पडला की दर गेला. पोरांच्या डोळ्यात पाणी आलं, आणि तिघंही परत येताना गाडीत एकच बोलत होते, सर, कन्सेप्ट मिळाली, शेतकऱ्याचे कष्ट. मी म्हटलं थांबा. ते कष्ट शंभर टक्के खरे आहेत. पण किराणा दुकानात उभी असलेली बाई ते कष्ट बघून हळहळते आणि तरीही शंभर ग्रॅमच घेते. तिनं जास्त का घ्यावं ह्याचं उत्तर शेडवर नाही, तिच्या घरात आहे.

मग दुसऱ्या दिवशी मिरजेत मार्केटजवळच्या एका किराणा दुकानात मालकाला सांगून कोपऱ्यात दोन तास बसलो. पोरं कंटाळली. आणि मग एक बाई आल्या, सोबत पहिली-दुसरीतला मुलगा. 'शंभर ग्रॅम बेदाणं द्या, सत्यनारायण हाय.' दुकानदारानं वरच्या बरणीतून काढून काट्यावर टाकले. बाईंनी त्यातला एक उचलला, अंगठा आणि बोटात दाबून बघितला मऊ आहे का, पोरानं लगेच हात पुढं केला. त्यांनी तो एक बेदाणा त्याच्या तळव्यावर ठेवला. एकच. आणि पुडी बांधून पिशवीत टाकली, 'बास, पुजेचं हाय ते.' पोरगं तो एक बेदाणा दाताच्या मागं धरून चोखत उभं होतं, संपू नये म्हणून.

त्या एका बेदाण्यात आमचं सगळं कॅम्पेन होतं.

मग पोरांना सांगितलं, आपापल्या घरी जा आणि बेदाण्याचा डबा कुठं आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढून आणा. तिघांच्याही घरी सगळ्यात वरच्या फळीवर, एका घरी तर मागच्या बाजूला काजू-वेलदोड्याच्या शेजारी. म्हणजे बेदाणा वाईट आहे असं कुणालाच वाटत नाही, महाग आहे म्हणून घेत नाहीत असंही पूर्ण खरं नाही, कारण त्याच घरात पोराला रोज पाच-दहा रुपयांचा कुरकुऱ्या-वेफर्सचा पुडा मिळतो. बेदाणा पुजेला, शिऱ्याला आणि पाहुण्यांना राखून ठेवायची वस्तू आहे हा घरातला अलिखित नियम आहे. अडचण ही आहे. आणि आपल्या जिल्ह्यात हे असं आहे, जिथं तो पिकतो!

एवढं सापडल्यावर आम्ही साध्या बोलीत एक वाक्य लिहिलं, यमक नाही, अलंकार नाही: 'बेदाणा राखून ठेवायचा नसतो, शाळेतनं आलेल्या पोराच्या हातावर रोज मूठभर ठेवायचा असतो.' हे वाक्य जाहिरातीत यायचंच असं नाही. ते भिंतीवर चिकटवायचं आणि त्याच्याकडं बघून काम करायचं. तुझं वाक्य बरोबर आहे की नाही ते बघायचं असेल तर घरी जेवताना मोठ्यानं बोलून बघ. आजी जर म्हणाली 'व्हय की, खरं हाय' तर पुढं जा, आणि 'म्हंजे काय?' म्हणाली तर परत लिही.

त्यानंतर सुचवायला बसायचं, आणि सुचवायचं म्हणजे भरपूर. मी पोरांना प्रत्येकी साठ सांगतो. पहिल्या वीस आयडिया सगळ्या जगाच्या असतात, त्या डोक्यात आधीच पडलेल्या असतात, बघितलेल्या जाहिराती, व्हॉट्सॲपचे विनोद, म्हणी. त्या बाहेर काढून टाकल्याशिवाय खालचं पाणी लागत नाही, विहिरीचा गाळ काढल्यासारखं आहे ते. विसाव्यानंतर एकदम कोरडं पडतं, चिडचिड होते, बहुतेक पोरं तिथंच उठतात आणि पहिल्या वीसमधली बरी बघून पोस्टर करायला घेतात. बसून राहा. चाळीसच्या पुढं काहीतरी विचित्र, जरा वेडंवाकडं यायला लागतं, त्यात असतं. एआयला विचारलंस तर तेही तुला ती पहिली वीसच देतं, फक्त दहा सेकंदांत आणि नीट टाइप करून. मी म्हणेन वापर, पण 'ह्यातलं काहीही घ्यायचं नाही' अशी यादी म्हणून वापर, तुझा एक दिवस वाचेल.

आणि जमलं तर दोघांनी बसा, एक लिहिणारा एक चित्र काढणारा. ही पद्धत न्यूयॉर्कच्या बिल बर्नबाख ह्यांनी रुळवली, त्याआधी कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, लिहिणारा कागद लिहून चित्रकाराच्या टेबलावर पाठवून द्यायचा. त्यांच्याच एजन्सीनं 1959 ला फोक्सवॅगनची ती 'लहान विचार करा' असं सांगणारी जाहिरात केली, पांढऱ्या पानाच्या कोपऱ्यात एवढीशी गाडी. ती ओळ एकटी बघितली तर काही नाही, चित्र एकटं बघितलं तरी काही नाही, दोन्ही एकत्र आले की झालं. हे एकट्यानं सुचणं अवघड जातं.

आमच्या बेदाण्याचं शेवटी जे ठरलं ते एवढंच: डबा खालच्या फळीवर आणा. पूर्ण कॅम्पेन पोराच्या उंचीवरून. फोटो सहा वर्षांच्या पोराच्या नजरेतून, वर लांब कुठंतरी डबा. एसटी स्टँडवर पोस्टर लावायचं ते जमिनीपासून तीन फुटांवर, मोठ्या माणसाला वाकून वाचावं लागेल असं. किराणा दुकानात पुडे वरच्या बरणीत न ठेवता काउंटरच्या पुढं खालच्या खणात. रेडिओच्या जाहिरातीत बोलणं जवळपास नाहीच, स्टूल सरकवल्याचा आवाज, डब्याचं झाकण, आणि आतल्या खोलीतनं आईचा आवाज, 'काय करायलायस रे तिथं?' पॅकिंगच्या जागी रुंद तोंडाची बरणी, पोराचा हात आत जाईल अशी. हे लिहिताना पण मला बरं वाटतंय, कारण एक ठरलं की पुढचं आपोआप येत गेलं होतं. कन्सेप्ट आहे की नुसती ओळ आहे ते असंच कळतं, तिच्यातून चौथं, पाचवं, सातवं काम सहज निघतं का? एका पोस्टरवर थांबत असेल तर ती एका पोस्टरची आयडिया आहे.

(हे उचलून सरांना देऊ नकोस, ते मी आता इथं सगळ्यांपुढं मांडलंय. बेदाण्यात अजून पुष्कळ शिल्लक आहे.)

कुठं सांगायचं हासुद्धा कन्सेप्टचाच भाग असतो, हे आपल्याकडं पोरांच्या ध्यानात येत नाही, सगळे पोस्टर, रील, होर्डिंग ही ठरलेली तीन खोकी भरतात. 2013 च्या प्रयागच्या कुंभमेळ्यात लाइफबॉयनं काय केलं, ढाब्यांवरच्या भाजलेल्या रोट्यांवर शिक्का मारला, हिंदीत, लाइफबॉयनं हात धुतले का. पंचवीस लाख रोट्या. हात धुवायची आठवण हात ताटात घालायच्या क्षणाला. होर्डिंगवर तेच वाक्य असतं तर कुणी वाचून पुढं गेलं असतं. म्हणून तुझ्या वाक्याचा माणूस ते ऐकायला कधी आणि कुठं तयार असतो ते विचार. बेदाण्याच्या बाबतीत शाळा सुटायची वेळ आहे, महिन्याचा किराणा भरायचा दिवस आहे, बाप्पाच्या प्रसादाची वाटी आहे. ह्यातलं एक धर.

एक चूक सांगतो जी मी केली, तू करू नकोस. सुरुवातीच्या काळात एका ठिबक सिंचनाच्या डीलरसाठी मी 'थेंब' शब्दावर कोटी केली होती, मला ती इतकी आवडली की मी दुसरं काही बघितलंच नाही. भिंती रंगवून झाल्या. महिन्याभरानं एका गावात पानपट्टीवर उभा होतो, समोरच भिंत, तिथल्या दोघांना विचारलं ही जाहिरात कशाची आहे. एक म्हणाला पाणी वाचवा म्हणून सरकारची असणार, दुसरा म्हणाला डोळ्यांत घालायच्या औषधाची. लोक हसले होते, ओळ पाठ होती, आणि डीलरच्या दुकानात एकही जण त्यामुळं आला नव्हता. त्याचे पैसे गेले ते गेलेच. तेव्हापासून कुठलीही कन्सेप्ट मी तीन अनोळखी माणसांना पाच सेकंद दाखवतो आणि एकच विचारतो, काय म्हणतोय हा? आवडली का असं विचारायचं नाही, चांगली माणसं खोटं बोलतात.

अजून एक, आरोग्याबद्दल लिहिताना जपून. 'बेदाणा खा, ॲनिमिया घालवा', 'बीपी बरा करा' असलं विद्यार्थी सर्रास लिहितात, उद्या हळदीवर प्रोजेक्ट आला तर कॅन्सरपर्यंत जातात. अमुक रोग बरा होतो असं जाहिरातीत सांगण्यावर 1954 पासून कायदा आहे, आणि खाद्यपदार्थांच्या दाव्यांसाठी एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, 2018 चे वेगळे नियम आहेत. प्रोजेक्टमध्ये कुणी नोटीस पाठवणार नाही, पण सवय आत्तापासून लागते. आणि कायदा बाजूला ठेव, आपल्या ओळीवर विश्वास ठेवून कुणा आजीनं गोळ्या बंद केल्या तर? आमच्या कॅम्पेनमध्येपण आम्ही शाळकरी पोरंच दाखवायची ठरवलं, अगदी बारक्या बाळाच्या घशात बेदाणा अडकू शकतो म्हणून.

भाषेचं पण सांगतो. तू बहुतेक आधी इंग्रजी किंवा हिंदीत विचार करून मग मराठी करतोयस, 'निसर्गाची गोड भेट' ही ओळ तशीच वाटते मला. कुठल्या घरात कुणी असं बोलतं? 'पुजेचं हाय ते' हे पाच कोटींचं कॅम्पेन करणाऱ्यालासुद्धा एसी खोलीत बसून सुचणार नाही, ते मिरजेच्या दुकानात फुकट मिळालं. तू साताऱ्याचा आहेस, तिथल्या बोलीला एक स्वतःचा ठसका आहे, तो प्रमाण मराठीत धुऊन टाकू नकोस.

सरांपुढं जाताना पोस्टर घेऊन जाऊ नकोस. एका कागदावर चार गोष्टी: अडचण काय आहे, ती कुठं आणि कुणात दिसली, साधं वाक्य, आणि पेन्सिलनं काढलेली तीन-चार चौकटींची कन्सेप्ट. आधी तो दुकानातला किस्सा सांग. सर स्वतः त्यात सापडले, 'आमच्याकडंपण वरच असतो डबा' असं म्हणाले, की अर्धं काम झालं. आणि त्यांना नाहीच पटलं तर का नाही पटलं ते विचारून लिहून घे, वाद घालू नकोस. सर चुकीचे असू शकतात, तरी त्यांनी बोट ठेवलेली जागा बहुतेक वेळा खरीच कमकुवत असते.

सबमिशनला तीन आठवडे आहेत म्हणालास. पहिला आठवडा कॉम्प्युटर उघडू नकोस. ह्या शनिवारी सकाळी मोती चौकात किंवा राजवाड्याच्या बाजूला एखाद्या किराणा दुकानदाराला विचारून बस, मोबाइल खिशात, वही हातात. कोण काय बोललं ते तर लिहीच, पण त्याहून जास्त लोकांचे हात काय करतात ते लिही: काय दाबून बघतात, काय परत ठेवतात, पोरानं मागितल्यावर किती देतात. जे लिहिशील ते इथं टाक, मी वाचतो, मग कन्सेप्टचं बोलू.